मेंदी कोणाची, आणि कोनात काय?

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं १६ अरब देशांनी मिळून मांडलेली मेंदी अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तेव्हापासून भारतातल्या मैत्रिणींशी बोलणं झालं की विषय तिथेच येतो: मेंदी आपली, मग नाव त्यांचं कसं लागलं? ती नोंद म्हणजे मालकीहक्क नव्हे, हे मी दरवेळी सांगते. तरी वाद मिटत नाही. मला मात्र मेंदीबद्दलचा खरा प्रश्न इथे अमेरिकेत शेजारणीनं विचारला.

तिच्या तळहातावर मी कोन टेकवणार, तेवढ्यात तिनं हात मागे घेतला. "यात पीपीडी नाही ना?" पूर्वी कुठेतरी काढून घेतलेल्या 'काळ्या मेंदी'तल्या या रसायनानं तिच्या दंडावर फोड आले होते. मला उत्तर देता आलं नाही. लहानपणापासून मेंदी काढत आले, पण कोन कायम तयारच आणलेला. आत काय भरलंय, हे कधी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर मी मेंदी भिजवायला शिकले. वस्त्रगाळ पाला, लिंबाचा रस, थोडी साखर, लव्हेंडरचं तेल. झाकून आठ-दहा तास ठेवलं की वरचा थर तपकिरी होतो, म्हणजे रंग सुटला. हातावर सहा-आठ तास ठेवायची. खरवडल्यावर दिसतो तो नारिंगी, आणि दोन दिवसांत तोच गडद तांबूस-तपकिरी होतो, कारण पाल्यातलं लॉसोन हे रंगद्रव्य त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाला धरून हळूहळू पक्कं होतं. तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथे रंग खुलतो. दंडावर फिकाच राहतो. भिजवलेली मेंदी काही दिवसांत उतरते, उरलेली फ्रीझरमध्येच टाकावी लागते. हे एकदा हातानं केलं की महिनोन्‌महिने फळीवर पडून दहा मिनिटांत काळी रंगणारी मेंदी नुसत्या पाल्याची असूच शकत नाही, हे आपोआप कळतं.

पीपीडी हे केसांच्या कलपातलं रसायन. एकदा त्याची ॲलर्जी जडली की सहसा आयुष्यभर राहते, पुढे साधा कलपही सोसत नाही.

इथला कायदाही मला पुरता पटत नाही. मेंदीला मान्यता फक्त केसांसाठी, त्वचेसाठी नाही. म्हणजे निखळ पाला आणि फोड आणणारं रसायन एकाच रांगेत! पाल्यालाही जपावं लागतं, हे खरं: जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांना, विशेषतः तान्ह्या बाळांना, मेंदी घातक ठरू शकते. पण त्यासाठी स्पष्ट इशारा छापावा, सरसकट नकार कशाला?

मैत्रिणींना माझं एवढंच म्हणणं आहे की मेंदीसाठी भांडायचंच, तर प्रत्येक कोनावर घटक आणि भिजवल्याची तारीख छापली जावी म्हणून भांडू या. त्या भांडणात मी इथूनही तुमच्यासोबत आहे.