खुलासा: घरी सोडलं म्हणजे उपचार संपले असं नाही

‘भाजलेला रुग्ण घरी गेला की खर्च संपतो, त्यानंतर निधी मागणारे फसवतात,’ असा मेसेज फिरतोय. त्यात माझ्या जुन्या पोस्टमधलं ‘जखमा भरल्या, मूल घरी गेलं’ हे वाक्य जोडलंय. वाक्य माझंच आहे. त्यातून काढलेला अर्थ मात्र चुकीचा आहे, आणि मी तेव्हा पुढचं लिहिलं नाही ही माझी चूक.

जखम भरली की व्रणाची लढाई सुरू होते. व्रण मऊ पडायला वर्ष-दोन वर्षं जातात. तोवर तो जाड होऊ नये म्हणून अंगाला घट्ट बसणारे दाबाचे कपडे घालतात, तेही दिवसाचे साधारण २३ तास. ते दर काही महिन्यांनी सैल पडतात, नवे शिवावे लागतात. एका आईला लेकीच्या हातात असा हातमोजा चढवताना मी पाहिलंय: एकेक बोट, फुंकर घालत, अर्धा तास. शिवाय मूल वाढतं, पण व्रण त्याच्याबरोबर वाढत नाही. सांधा आखडला की पुन्हा शस्त्रक्रिया. फिजिओथेरपी, समुपदेशन, आईबापाचा बुडालेला रोजगार हे सगळं वेगळंच.

‘फीनिक्स सोसायटी’ ही अमेरिकेतली संस्था स्वतः भाजलेल्या ॲलन ब्रेस्लाऊ यांनी १९७७ साली सुरू केली, ती याच नंतरच्या काळातल्या आधारासाठी.

शंका असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारा, पैसे थेट तिथल्या खात्यात भरा. पण तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.