ख्रिस्ती रुग्णाला मरताना मॉर्फिन वर्ज्य असतं?

“ख्रिस्ती धर्मात वेदना पवित्र. म्हणून मरणाऱ्याला मॉर्फिन (कडक वेदनाशामक) द्यायचं नाही, व्हेंटिलेटर काढायचा नाही, आणि फादर तेल लावायला आले की समजायचं, संपलं.” असा एक मजकूर फिरतोय. तिन्ही विधानं चूक आहेत. पहिलं तर घातकही, कारण त्यावर विसंबून कुणी खरोखरच औषध नाकारेल.

पुरावा म्हणून सांगतात की, येशूने क्रुसावर जाण्याआधी बोळ (एक कडू डिंक) मिसळलेला, वेदना बोथट करणारा मानला जाणारा द्राक्षारस नाकारला. नाकारला, खरंय. पण तो रुग्णांसाठी नियम कधी झाला? बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायात तर मरणाऱ्याला मद्य द्या असंच म्हटलंय. पोप बारावे पायस यांनी फेब्रुवारी १९५७मध्ये भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगितलं: दुसरा उपाय नसेल तर गुंगी आणणारी वेदनाशामकं देता येतात, त्यामुळे आयुष्य थोडं घटण्याची शक्यता असली तरी. हेतू वेदना शमवण्याचा हवा, जीव घेण्याचा नको. कॅथलिक चर्चचा विरोध आहे तो जीव घेण्याला.

लंडनचं सेंट जोसेफ्स हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारी संस्था) कॅथलिक नन्स चालवत. सिसली सॉन्डर्स या श्रद्धाळू ख्रिस्ती डॉक्टर १९५८पासून तिथे काम करू लागल्या. दुखणं असह्य झालं की रुग्णाने मागायचं आणि मग डोस यायची वाट बघायची, हे त्यांनी बदललं. तोंडावाटे मॉर्फिन, ठरलेल्या वेळी, आधीच्या डोसचा असर ओसरण्यापूर्वी. १९६७मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. आधुनिक पॅलिएटिव्ह केअर (गंभीर रुग्णाच्या वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा) तिथूनच जगभर पसरली.

मग मदर तेरेसांच्या निर्मल हृदयचं, म्हणजे कोलकात्यातल्या मरणासन्नांसाठीच्या आश्रमाचं काय? तिथे कडक वेदनाशामकं नसल्याची टीका ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी १९९४मध्ये केली होती. ती गंभीर आहे, झाकण्यात अर्थ नाही. पण एका संस्थेतली उणीव म्हणजे धर्माची आज्ञा नव्हे.

व्हेंटिलेटरचं उत्तर छोटं आहे. त्याच पोपनी नोव्हेंबर १९५७मध्ये सांगितलं की, व्हेंटिलेटरसारखे असाधारण उपाय करत राहणं बंधनकारक नाही. (प्रोटेस्टंट मंडळ्यांना पोप नसतो, त्यांची मतं वेगवेगळी आहेत.)

राहिलं तेल. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात ते दुखणाइतासाठी सांगितलंय, आणि तो बरा व्हावा अशी प्रार्थनाही त्यासोबतच आहे. तेल लावण्याचा हा संस्कार फक्त शेवटच्या घटकेचा नाही, हे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये नोंदवलं. मरणाऱ्यासाठीचा खास संस्कार म्हणजे ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर), आणि तो घ्यायला गिळता यावं लागतं. तेव्हा फादरना बोलवायचं तर रुग्ण शुद्धीवर असतानाच बोलवा.