एकच रेघ उमटली म्हणून

भारतात फ्लूची साथ आली की दादाचा मेसेज ठरलेला: "तुमच्या अमेरिकेत बरं, पंधरा मिनिटांत टेस्ट करून मोकळं. इथे डॉक्टर नुसत्या अंदाजावर गोळ्या लिहून देतात." त्याची चीड मला कळते. पण गेल्या हिवाळ्यात ती पंधरा मिनिटांची टेस्ट मी करून घेतली. अंग फणफणलेलं, खोकला कोरडा आणि पट्टीवर एकच रेघ. "फ्लू नाही," असं सांगून क्लिनिकने घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी पीसीआर या प्रयोगशाळेतल्या टेस्टमध्ये इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लूच निघाला. ओसेल्टामिव्हिर या फ्लूवरच्या औषधाचा खरा उपयोग पहिल्या 48 तासांत, आणि ते मी त्या रेघेच्या भरवशावर घालवले होते.

पट्टी सदोष नव्हती. ती विषाणूचं प्रथिन शोधते आणि ते पुरेसं असेल तरच दुसरी रेघ उमटते. पीसीआर विषाणूचा जनुकीय अंश कित्येक पटींनी वाढवून मग बघते. 159 अभ्यास एकत्र करून 2012 मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की या झटपट टेस्ट फ्लूचे सुमारे 62 टक्केच रुग्ण पकडतात. मुलांत थोडे जास्त, मोठ्यांत 54च्या आसपास. 2017 मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, नियम आवळले, पीसीआरच्या तुलनेत किमान 80 टक्के हवेत म्हणून. तरी पाचातला एक निसटू शकतोच.

ऐन साथीत आलेल्या 100 जणांपैकी 40 जणांना फ्लू आहे असं धरा. 60 टक्के पकडणारी पट्टी 16 जणांना "नाही" म्हणून परत पाठवेल. साथ नसताना उलटं होतं: 100 जणांत दोघांनाच फ्लू असेल, तर दुसरी रेघ उमटलेल्यांतही निम्म्याहून जास्त चुकीचे निघू शकतात. म्हणजे निकाल वाचण्याआधी बाहेर साथ आहे का, हे बघावं लागतं. चांगला डॉक्टर तेच बघतो. दादा त्यालाच अंदाज म्हणतो!

भारतात 2009च्या स्वाइन फ्लूपासून रुग्णांची ए, बी, सी अशी वर्गवारी आहे. सौम्य ताप असेल तर टेस्ट नाही; गरोदर बाई, म्हातारी माणसं, दमेकरी यांना टेस्टची वाट न बघता औषध; टेस्ट गंभीर रुग्णाची. इथे येण्याआधी मला हा कंजूषपणा वाटायचा. आता नाही वाटत.

दादाचं एक मात्र खरं. त्या "गोळ्यां"त बहुतेकदा अँटिबायोटिक असतं आणि ते फ्लूच्या विषाणूला काहीच करत नाही. साथीत पट्टीवर दुसरी रेघ आली तर ती बहुधा खरी असते, आणि तेवढ्यावर अँटिबायोटिक टळलं तर टेस्ट तिथेही हवी. त्याला तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं, "म्हणजे टेस्ट हवीच ना!"