अठरा मिलिमीटरचं पॅनेल आणि त्याखालचा वारा

सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय. सारांश असा: लाकडी जमिनीवर गरम पाण्याचं अंडरफ्लोअर हीटिंग (म्हणजे पायाखाली गरम पाण्याचे पाइप टाकून खोली तापवणं) करणं आता अगदी सोपं झालंय. आहे त्या फळ्यांवर १८ मिमीचं लो-प्रोफाइल पॅनेल टाका, खोबणीत पाइप दाबा, वर फ्लोअरिंग घाला. खालचं काही उघडायला नको, आकडेमोड नको. आणि खोली तापली नाहीच, तर पाण्याचं तापमान वाढवा.

यातलं खरं आधी मान्य करतो. असे पाइप एरवी सिमेंटच्या ज्या जाड थरात, स्क्रीडमध्ये, गाडतात, त्या ६५ मिमी स्क्रीडचं वजन चौरस मीटरला १३० किलोच्या घरात जातं, आणि लाकडी तुळया त्या हिशेबाने क्वचितच घातलेल्या असतात. पॅनेलचं वजन त्यापुढे किरकोळ. शिवाय तापवायला मधे जाड थर नसल्यामुळे जमीन लवकर गरम होते. म्हणजे पद्धत चांगलीच आहे. माझी तक्रार आहे ती ‘टाका आणि विसरा’ या भागाबद्दल.

‘खालचं काही उघडायला नको.’ सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. तळमजल्याची एक फळी उचला आणि टॉर्च मारून बघा. तुळयांच्या मधे मोकळी पोकळी दिसेल, बाहेरच्या भिंतीतल्या जाळ्यांमधून येणारा उजेड दिसेल, आणि हात आत घातला तर वारा लागेल. तो वारा तिथे मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर लाकूड दमट होऊन कुजेल. आता त्या वाऱ्याच्या डोक्यावर तुम्ही ३२ अंशांचा थर पसरताय. उष्णता फक्त वरच जाते हा गैरसमज आहे. वर चढते ती गरम हवा. उष्णता जिकडे अडथळा कमी तिकडे जाते.

हिशेब करू. पोकळीत ५ अंश. २० मिमीची फळी, पॅनेलच्या तळाशी उरणारा ५ मिमी फोम आणि फळीखालचा हवेचा पातळ थर, एवढा सगळा अडथळा धरला तरी खाली दर चौरस मीटरला सुमारे ६० वॅट जातात. वर खोलीला हवे असतात समजा ५०. म्हणजे पोकळी तापवायला जास्त, खोलीला कमी. तुळयांच्या मधे १०० मिमी लोकर-इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) भरलं की तोच आकडा ९ च्या आसपास येतो. ते फळीला खालून घट्ट टेकलेलं हवं, जाळीवर तोललेलं. लोंबकळलं की मधल्या फटीतून वारा फिरतो आणि भरलेलं न भरल्यासारखं होतं. भिंतीतल्या जाळ्या मात्र बुजवू नका. वरच्या मजल्यावर हा प्रश्न सौम्य असतो, कारण खाली गेलेली उष्णता निदान घरातच राहते.

‘आकडेमोड नको.’ लो-प्रोफाइल पॅनेलमध्ये बहुधा १२ मिमीचा पाइप बसतो. नेहमीच्या १६ मिमी पाइपाची आतली वाट १२ मिमी असते, याची ८ किंवा ९. आठची धरली तर तेवढंच पाणी ढकलायला दाबाचा तोटा पाच ते सात पट होतो. म्हणून बारीक पाइपाचा एक लूप, म्हणजे एक सलग वेटोळं, साधारण ८० मीटरच्या पुढे नेत नाहीत. २० चौरस मीटरच्या खोलीत १५० मिमी अंतराने पाइप टाकला तर १३३ मीटर लागतो, सगळ्या लूपना पाणी वाटणाऱ्या मॅनिफोल्डपर्यंतची ये-जा वेगळी. म्हणजे किमान दोन लूप. अंतर १०० मिमी केलं तर तीन. ‘एका खोलीला एक लूप’ करून बसलात तर खोलीचा एक कोपरा कोमट आणि दुसरा गार राहणार, आणि पंपाला उगाच शिव्या बसणार.

‘तापली नाही तर तापमान वाढवा.’ जमिनीच्या पृष्ठभागाला मर्यादा आहे: राहत्या जागेत २९ अंश, लाकडी फ्लोअरिंगवर सहसा २७. खोली २० अंशांवर असेल तर २७ अंशांची जमीन चौरस मीटरला ७५ वॅटच देऊ शकते. खोलीतून बाहेर जाणारी उष्णता त्याहून जास्त असेल आणि तुम्ही पाणी ६० अंशांचं केलंत, तर त्याची शिक्षा लाकडाला भोगावी लागेल: फटी पडतील, फळ्या वाकतील. पाणी हीट पंपाने (बाहेरची उष्णता खेचून आत आणणाऱ्या यंत्राने) तापत असेल तर त्याची कार्यक्षमताही घसरते. आधी वरचा थर बघा. १५ मिमी ओकमधून ५० वॅट जायला ४ अंश खर्च होतात; जाड गालिचा आणि त्याखालच्या अस्तरातून १२ अंशांपर्यंत. वरचा थर बदलणं पाणी तापवत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

‘उंची फक्त १८ मिमी.’ ती पॅनेलची. टाइल लावायची तर त्यावर बोर्ड, गोंद, टाइल आलंच. दाराची पट्टी कापणं ठीक आहे, पण जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या उंचीची होते हे कुणी बोलत नाही, आणि पाय अडखळतो तो नेमका तिथेच.

शेवटी त्या मजकुरात नसलेली गोष्ट. पाइप झाकण्याआधी दाबाची चाचणी घेतात हे बहुतेकांना माहीत असतं. पण वरचा प्लाय ठोकताना तो दाब उतरवून ठेवतात, आणि लाकडी जमिनीत स्क्रू तर शेकड्याने जातात. लूप ६ बार दाबावर भरलेलेच राहू द्या, दाब दाखवणारं गेज दिसेल असं ठेवा आणि मग ठोका. काटा घसरला तर नुकताच मारलेला स्क्रूच उपटायचा असतो, अख्खी जमीन नाही.