दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को, व्हाया मौदा

लेक सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यापासून बंडूभाऊंना विमानातले सगळेच कळू लागले आहे. परवा नागपूरला धरमपेठेच्या कट्ट्यावर शाळेचा जुना नकाशा पसरून, त्यावर शिवणाचा दोरा ताणून ते सिद्ध करीत होते की विमान कंपन्या प्रवाशांना मुद्दाम फिरवून नेतात. पोह्यांवरची तर्री अटलांटिक महासागरात सांडली, तरी दोरा जागचा हलला नाही.

सुधाताईंचा तिकिटे काढून देण्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे त्या बहुधा बंडूभाऊंचे बोलणे संपेपर्यंत थांबतात. "तोच दोरा नातवाच्या पृथ्वीगोलावर लावा," त्या म्हणाल्या, "म्हणजे तो सैबेरियावरून, आर्क्टिकच्या कडेने जाईल आणि अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरेल. नकाशा सपाट आहे, पृथ्वी नाही."

"मग विमान त्याच वाटेने का नेत नाहीत?" बंडूभाऊंनी विजयी मुद्रेने विचारले.

सुधाताईंनी २०१६ सालची गोष्ट काढली. तोपर्यंत एअर इंडियाचे दिल्लीचे विमान अटलांटिकवरून सॅन फ्रान्सिस्कोला जात असे. त्या ऑक्टोबरात ते प्रशांत महासागरावरून नेले, तेव्हा अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाले आणि वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि या वाटेने ते विमानाच्या पाठीशी असतात. "तुमचा दोरा अंतर सांगेल, वारा सांगणार नाही. आणि कोणत्या देशाने आकाश बंद केले आहे, हे तर मुळीच सांगणार नाही." २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केल्याचे सगळ्यांना ठाऊकच होते; दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावे लागले, ते याच बंदीमुळे.

बंडूभाऊ हार मानणाऱ्यांपैकी नव्हेत. पृथ्वी फिरतेच आहे, तर विमानाने नुसते वर थांबावे, अमेरिका आपोआप खाली येईल, असा तोडगा त्यांनी सुचवला. "आधी इथेच उडी मारून बघा," सुधाताई म्हणाल्या, "सीताबर्डीला उतरलात तर चहा माझ्याकडून."

पोस्टातून निवृत्त झालेल्या अण्णांची खंत मात्र निराळी होती. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परतत असत. "तेव्हा चारी दिशा आपल्याकडे येत होत्या. आता अमेरिकेच्या प्रवासाचे तास मोजताना दिल्लीच्या विमानतळावर बसून काढलेले तास कोणी धरतच नाही," असे ते म्हणाले, आणि मला ते पटले, कारण नागपूरच्या माणसाचा खरा वेळ तिथेच जातो.

एवढ्यात कोणीतरी रामटेकच्या सहलीची आठवण काढली. कामठी-मनसरचा नेहमीचा रस्ता सोडून बंडूभाऊंनी आमची गाडी मौद्याकडून नेली होती, तीही अंतर वाचवण्यासाठी, आणि परतीला तर जाण्यापेक्षाही जास्त वेळ लागला होता.

बंडूभाऊंनी दोरा गुंडाळून खिशात ठेवला. "परत येताना," ते गंभीरपणे म्हणाले, "वारा समोरून होता." सुधाताईंच्या हातातला चहा सांडला.