स्पीडटेस्ट दाखवू नका मला

इंटरनेट कंपनीकडे चौथ्यांदा तक्रार टाकली आणि चौथ्यांदा मेसेज आला की "आपली समस्या सोडवण्यात आली आहे". कोणी सोडवली? कधी? मी दिवसभर घरीच होतो, ना फोन आला ना कोणी माणूस आला, आणि रात्री ११ ला पाहिलं तर वेगाचा तोच आकडा तिथंच बसून होता. डोकं फिरलं भाऊ, खरंच.

गोष्ट अशी आहे की मी नागपूरच्या मानेवाड्यात घरी जुन्या डेस्कटॉपवर टॉरचा रिले चालवून राहिलो. टॉर म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरायचं नेटवर्क, आणि रिले म्हणजे त्यातला ट्रॅफिक पुढे ढकलणारं एक मशीन. मिडल रिले, एक्झिट नाही, म्हणजे ट्रॅफिक जिथून शेवटी वेबसाइटवर निघतो तो नाही, एक्झिट घरून चालवायचाच नसतो. टॉर वापरणाऱ्याचा ट्रॅफिक तीन मशीनमधून जातो म्हणजे कोण कुठे जाऊन राहिलं हे एकाच मशीनला पूर्ण कळत नाही, आणि ह्या मशीन जगभरातले लोक स्वतःच्या खिशातून चालवतात. कोणी पत्रकार असेल, कोणी घरच्यांपासून लपून मदत शोधणारी पोरगी असेल, त्यांना माझ्या लाइनचा थोडासा आधार मिळावा एवढंच. पैसे मिळत नाहीत, नकोच आहेत.

आणि मी अर्धवट तयारीने नाही उतरलो. घरगुती प्लॅनमध्ये सीजीनॅट, एकच आयपी पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला, म्हणजे बाहेरून कोणी तुमच्या पोर्टवर येऊच शकत नाही, म्हणून दर महिन्याला जास्तीचे पैसे देऊन स्टॅटिक आयपी, स्वतःचा कायमचा पत्ता, घेतला. "अनलिमिटेड" म्हणून विकतात त्यात खाली बारीक अक्षरात ३.३ टीबी लिहिलेलं असतं. १० एमबीपीएस सतत चालवलं तर दिवसाला १०८ जीबी आत आणि तेवढंच बाहेर, म्हणजे १५ दिवसांत कोटा साफ. ही बेरीज आधीच करून महागडा बिझनेस प्लॅन घेतला, डाउनलोड १००, अपलोडही १०० एमबीपीएस. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. त्यातले ५ एमबी मी रिलेला दिले. आणि दिसतंय किती? सेकंदाला ४१० केबी. तीन महिने झाले, ४१० केबी!

नवीन रिलेला वेळ लागतो हे मला माहीत आहे, कोणी सांगायला येऊ नका. सुरुवातीला मोजमापच झालेलं नसतं तोवर वजन, म्हणजे रिलेकडे किती ट्रॅफिक पाठवायचा तो वाटा, अगदी कमी ठेवतात, नंतर गार्डचा, म्हणजे तिघांतलं पहिलं मशीन व्हायचा, फ्लॅग लागला की ट्रॅफिक उलट काही आठवडे पडतो, मग हळूहळू चढतो. सगळं वाचलं, वाट पाहिली, साधारण ७० दिवसांनी स्थिरावायला पाहिजे होतं. नाही झालं.

मग एकेक गोष्ट तपासली. कॉन्फिगमध्ये बिट आणि बाइटचा घोळ आहे का, नाही. सीपीयूवर लोड आहे का, १० टक्क्यांच्या वर जात नाही. फाइल डिस्क्रिप्टरची मर्यादा, म्हणजे एका वेळी किती कनेक्शन उघडता येतात ती, वाढवलेलीच होती. मग राउटर. रिलेला एकाच वेळी हजारो कनेक्शन सांभाळावी लागतात, टॉरवालेच सांगतात की निदान ७००० झेपली पाहिजेत, आणि कंपनीने दिलेला डब्बा दोन-अडीच हजारातच मान टाकायचा. घरात मोबाइलवर पण काही उघडायचं नाही, आई आतून ओरडायची की नेट गेलं. डब्बा ब्रिज मोडवर टाकून द्या, त्याने नुसतं नेट पुढे द्यावं, माझा राउटर मी लावतो, एवढं करून घ्यायला १९ दिवस लागले. १९ दिवस! दर फोनवर नवीन माणूस आणि दर वेळी पहिलं वाक्य, सर राउटर बंद करून चालू करा.

राउटर बदलला, घरचं नेट सुधारलं, रिले ४१० चा ४३० झाला.

शेवटी फ्रँकफर्टला तासाच्या भाड्याने एक सर्व्हर घेतला आणि आयपर्फ, दोन मशीनमधला वेग मोजायचं सॉफ्टवेअर, लावला. दुपारी ३ ला ८८ एमबीपीएस. रात्री १० ला ५.८. त्याच मिनिटाला मुंबईच्या सर्व्हरवर ९१. परत लावला, परत तेच. एमटीआर, म्हणजे वाटेत डेटाचे पॅकेट कुठे पडतात ते दाखवणारं टूल, चालवून पाहिलं तर मुंबईपर्यंत एकही पॅकेट पडत नाही आणि कंपनीच्या नेटवर्कमधून देशाबाहेर निघालं की ७ टक्के लॉस. आधीच नागपूर ते जर्मनी जाऊन यायला दीडशे मिलिसेकंद, त्यात पॅकेट पडले की टीसीपी, डेटा पोचवायची पद्धत, घाबरून वेग कमी करतो आणि एवढ्या अंतरावर तो परत चढायला फार वेळ घेतो. पाच रात्री मोजलं, सगळं तारीखवार लिहून आधीच्या एका तक्रारीला जोडलं.

तर माणूस आला तो लाइनमन. चांगला पोरगा, मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर चढला, पाणी दिलं, त्याच्यावर माझा राग नाहीच. त्याने मोबाइल काढला, स्पीडटेस्ट केली, स्क्रीन माझ्यासमोर धरली. "भाऊ, ९४ येऊन राहिलं ना." अरे येईलच ना ९४, तो टेस्टचा सर्व्हर इथंच नागपुरात कंपनीच्याच नेटवर्कात बसलाय! घरातून स्वयंपाकघरात जायला किती वेळ लागतो हे मोजून दाखवून राहिले मला आणि मी विचारतोय वर्ध्याची गाडी काहून लेट आहे. तो म्हणाला, भाऊ आम्हाला एवढंच पाहायला सांगतात, सही करा. मी सही केली नाही. तरी तक्रार बंद.

आणि ह्याचा परिणाम काय होतो ते समजून घ्या. टॉरचा वेग मोजणारे स्कॅनर बहुतेक युरोप-अमेरिकेत आहेत. ते तिकडून माझ्या रिलेतून फाइल ओढतात, रात्रीचा तो लॉस त्यांना दिसतो, ते माझं वजन खाली टाकतात. वजन खाली म्हणून दुपारी लाइन मोकळी असूनही कोणी येत नाही, आणि रिले स्वतःचा आकडा धरतो तो गेल्या ५ दिवसांतल्या सगळ्यात चांगल्या १० सेकंदांचा, पण ट्रॅफिकच आला नाही तर चांगले १० सेकंद आणायचे कुठून? आकडा कमी म्हणून ट्रॅफिक नाही, ट्रॅफिक नाही म्हणून आकडा कमी. मी आपला दर महिन्याला पूर्ण १०० चे पैसे भरून राहिलो.

ज्याला सांगितलं तो म्हणतो, जर्मनीत व्हीपीएस, भाड्याचा सर्व्हर, घे ना, स्वस्त पडते. नाही घेणार! अर्धं नेटवर्क आधीच त्याच दोन-चार देशांत, त्याच दोन-चार डेटासेंटरमध्ये गर्दी करून बसलंय, तिथं अजून एक टाकून काय फायदा. इकडचे रिले बोटावर मोजण्याएवढे, म्हणून तर इकडून चालवायचा आहे. प्रत्येक रिलेवर १० टक्केच लोड असेल तर नेटवर्क छान पळेल असं टॉरवाले म्हणतात, मान्य आहे, पण ९० टक्के माझ्यामुळे अडलेले नाहीत ना.

पाचवी तक्रार आत्ता टाकली. ह्या वेळी वर पहिल्याच ओळीत लिहिलं आहे की स्पीडटेस्ट करायला कोणाला पाठवू नका, रात्री १० नंतर फ्रँकफर्टचा आयपर्फ लावा, कमांड खाली दिली आहे. रिले चालूच आहे. आत्ता ३९० केबी दाखवतोय.