टायरमधली हवा नको, तो मेसेज काढा

मार्च लागला की तो मेसेज उगवतोच. 'समृद्धीवर टायर का फुटतात? एका आरटीओ अधिकाऱ्याचा कळकळीचा संदेश' असं वर, खाली जळालेल्या गाडीचा कुठला तरी फोटो, आणि मग मुद्दे. उन्हाळ्यात हवा पाच-सात पॉइंट कमी ठेवा. रस्त्यात टायर गरम लागला तर थांबून आणखी काढा. नायट्रोजन भरला की टायर फुटतच नाही. सिमेंटचा रस्ता डांबरीपेक्षा जास्त तापतो. नक्षी शाबूत असेल तर टायर चांगला समजा. अमुक एक पट्टा 'बाधित' आहे, तिथं गाडी आपोआप ओढली जाते. आणि टायर फुटलाच तर ताबडतोब जोरात ब्रेक मारा. अधिकाऱ्याचं नाव नाही, कार्यालय नाही, तारीख नाही.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवतो. एरवी असल्या मेसेजला हात लावत नाही. यंदा तो माझ्या भाच्याच्या मोबाइलवर पोचला. त्याची पिकअप आहे. मृग बहाराचा संत्रा भरून कारंज्याला समृद्धीवर चढतो तो नाशिककडे उतरतो. फोनवर मोठ्या हुशारीनं सांगत होता, "मामा, चारी चाकाची हवा कमी करून घेतली म्या. ग्रुपवर आरटीओ सायबानं सांगतलं हाये." माल किती भरला विचारलं तर नुसता हसला. पिकअपवाला हसला की काय ते समजून घ्यायचं.

म्हणून हे उत्तर. पहिल्या दोन मुद्द्यांवर जास्त वेळ घेणार आहे. बाकीचे बरेचसे नुसते अडाणीपणाचे आहेत, हे दोन जीव घेणारे आहेत.

'उन्हाळ्यात हवा कमी ठेवा.' तर्क असा की उन्हानं आतली हवा तापते, दाब वाढतो आणि टायर फुटतो. हवा तापते हे खरं, दाब वाढतो हेही खरं, म्हणून तर हा मुद्दा इतका खपतो. पण किती वाढतो ते कुणी मोजतच नाही. समजा सकाळी 27 अंशाला कारच्या टायरमध्ये 33 पॉइंट, म्हणजे 33 पीएसआय, हवा आहे. पळून पळून आतली हवा 60 अंशांवर गेली, तर काटा दाखवेल साधारण 38. पाच पॉइंटांची वाढ. कारच्या टायरवर बाजूला कमाल दाब छापलेला असतो, बहुतेकांवर 44 किंवा 51, आणि धड टायर नुसत्या दाबानं फाटायला त्याच्याही खूप वर जावं लागतं. शिवाय गाडीच्या कंपनीनं दिलेला 33 हा आकडा थंड टायरचा असतो. चालताना तो चढणार हे धरूनच दिलेला असतो. ज्या वाढीची भीती घातली जाते ती वाढ आधीच हिशेबात घेतलेली आहे.

मग फुटतो कशानं? उष्णतेनंच. फक्त ती उष्णता वरच्या उन्हाची कमी आणि टायरनं स्वतः तयार केलेली जास्त. गाडीचं वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. हवा कमी पडली की टायर जमिनीशी दबतो, बाजू बाहेर येते, चाक पुढे गेलं की पुन्हा सरळ होते. कारचं चाक एका फेरीत जेमतेम दोन मीटर जातं. 120 च्या वेगाला मिनिटाला हजारेक फेऱ्या झाल्या. म्हणजे टायरची प्रत्येक जागा मिनिटाला हजार वेळा वाकते आणि हजार वेळा सरळ होते. लोखंडी तार तोडायला आपण ती मागेपुढे वाकवतो, तेव्हा तुटायच्या आधी ती बोटाला चटका देते, तेच इथं चाललेलं असतं. रबर ही उष्णता पटकन बाहेर सोडत नाही. आतल्या तारांच्या पट्ट्यांवरची त्याची पकड सुटत जाते आणि एका क्षणी वरची नक्षी सालीसकट निघून येते. त्यात माल जास्त असेल तर वाकणं आणखी वाढतं, वेग असेल तर तेच वाकणं आणखी लवकर लवकर होतं. भाच्याच्या पिकअपमध्ये तिन्ही गोष्टी हजर. मालवाहू गाडीला समृद्धीवर 80 ची मर्यादा आहे हे त्याला मी वेगळं सांगितलं, त्यावरही तो हसला.

पुरावा पाहिजे असेल तर अमेरिकेतला आहे, आणि तो चांगलाच महागात पडलेला आहे. 2000 साली फायरस्टोन कंपनीला सुमारे 65 लाख टायर परत बोलवावे लागले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या गाडीवर होते. चालत्या गाडीच्या टायरची नक्षी सुटायची आणि गाडी उलटायची. तिथल्या सरकारी सुरक्षा यंत्रणेनं 270 हून अधिक मृत्यू या टायरांशी जोडले. टायरच्या बनावटीत दोष होता, ते मी झाकत नाही. पण फोर्डनं या गाडीला हवा सांगितली होती फक्त 26 पॉइंट, आणि प्रकरण पेटल्यावर फायरस्टोन म्हणायला लागली की 30 ठेवा. अपघात जास्त कुठं झाले? टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा गरम राज्यांत. ऊन, लांब सरळ रस्ता, वेग, भरलेली गाडी आणि कमी हवा. या यादीत अकोला-वाशीम-बुलडाण्याचा मे महिना कुठं बसतो ते ज्याचं त्यानं पाहावं.

या प्रकरणानंतर तिथं कायदा झाला आणि टायरचा दाब सांगणारा दिवा नव्या गाड्यांत सक्तीचा झाला. तो दिवा कधी पेटला पाहिजे? सांगितलेल्या दाबापेक्षा हवा 25 टक्के कमी झाली की. दाब वाढल्यावर दिवा पेटलाच पाहिजे असं त्या नियमात कुठंच नाही. इतकी माणसं गमावल्यावर त्या देशाला ज्याची भीती वाटली ती कमी हवेची, आणि आपला ग्रुपवरचा आरटीओ साहेब सांगतो काय तर हवा काढा.

आता दुसरा मुद्दा, 'टायर गरम लागला तर थांबून हवा काढा.' हा पहिल्याचाच भाऊ, पण त्याहून वाईट. वरचंच उदाहरण घ्या. 33 चा टायर तापून 38 दाखवतोय. मेसेज वाचलेला माणूस मेहकरजवळ थांबतो आणि तापल्या टायरमधून काढून काढून 28 वर आणतो. संध्याकाळी टायर निवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात किती उरते? साधारण 24. म्हणजे 33 पेक्षा 25 टक्क्यांहूनही जास्त घट. अमेरिकेत ज्या पातळीला धोक्याचा दिवा लागतो तिथं हा माणूस स्वतःच्या हातानं, वर पंक्चरवाल्याला पैसे देऊन पोचला. आणि आता याच टायरवर तो पुढचा दिवसभर गाडी पळवणार. पिकअपला तर असा दिवा बहुधा नसतोच, तेव्हा त्याला कुणी सांगणारही नाही.

टायर गरम लागत असेल तर करायचं काय? हवा काढायची नाही. सावलीत थांबायचं, चहा घ्यायचा, टायर आपोआप निवू द्यायचा. वारंवार गरम होत असेल तर त्याचा अर्थ हवा कमी आहे किंवा माल जास्त आहे. हवा तपासायची ती पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना. आकडा कुठून घ्यायचा? ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडल्यावर आत खांबावर चिठ्ठी चिकटवलेली असते, किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. पिकअपमध्ये पुढच्या चाकाचा वेगळा असतो, मागच्याचा वेगळा, आणि भरल्या गाडीसाठी मागच्याचा आणखी वाढवून सांगितलेला असतो. वाढवून. हा शब्द भाच्याला दोनदा ऐकवावा लागला.

एक अर्धसत्य नाइलाजानं मान्य करतो. ट्रॅक्टर काळ्या मातीत घालताना हवा कमी ठेवतात आणि ते बरोबर आहे, टायर पसरतो, पकड येते, माती कमी दबते. आपल्याकडच्या ड्रायव्हर लोकांच्या डोक्यात 'हवा कमी म्हणजे टायर सुखात' हे तिथूनच आलं असावं. पण ट्रॅक्टर शेतात पायी चालणाऱ्याच्या वेगानं जातो. आणि हवा वाजवीपेक्षा जास्त भरणंही वाईटच. मधली नक्षी लवकर झिजते, रस्त्यावरची पकड कमी होते, खड्ड्यात टायरला जास्त मार बसतो. म्हणून सांगितली तितकीच भरा, एवढाच याचा अर्थ. त्यातून कमी भरा असा अर्थ कसा काढला ते त्या मेसेजवाल्यालाच ठाऊक.

नायट्रोजन. आपल्या साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध भरला तर टायरमधून थोडा हळू झिरपतो आणि त्यात ओलावा नसतो, हे दोन फायदे खरे. विमानाच्या टायरमध्ये तोच भरतात. पण तापल्यावर तोही जवळपास तितकाच फुगतो, आणि दर महिन्याला तपासायचं काम त्यानंही सुटत नाही. पेट्रोल पंपावर नायट्रोजन भरून हिरवं टोपण बसवून घेतलं आणि वर्षभर पाहिलं नाही, त्यापेक्षा फुकटची हवा बरी.

सिमेंटचा रस्ता जास्त तापतो हे तर उलटं आहे. काळं डांबर ऊन जास्त शोषतं, पांढुरकं सिमेंट त्यातलं बरंच परत फेकतं. भर दुपारी कारंज्याच्या जुन्या डांबरी रस्त्यावर अनवाणी पाय ठेवून पाहा. सिमेंटवर टायर थोडा जास्त घासतो अशी ड्रायव्हरांची तक्रार आहे, ती मी उडवून लावत नाही. पण समृद्धीचा खरा घात वेगळा आहे. कारंजा-मालेगाव-मेहकर-सिंदखेडराजा हा जुना रस्ता घेतला की गुरं आडवी येतात, स्पीड ब्रेकर येतात, गावाचा बाजार येतो, आणि टायरला आपोआप दम खायला मिळतो. समृद्धीवर माणूस दोन-दोन तास न थांबता पळतो. जो टायर जुन्या रस्त्यावर कसाबसा वर्षभर निघाला असता तो इथं एका दुपारी हात टेकतो.

'नक्षी शाबूत तर टायर चांगला.' नक्षी पाहिलीच पाहिजे. कारच्या टायरवर ती 1.6 मिलिमीटरपर्यंत घासली की टायर बाद. पण रबर वयानंही कडक होतं, उभ्या गाडीतही होतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 2317 म्हणजे 2017 च्या तेविसाव्या आठवड्यातला. टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, काढा. शहरातून येणारा जुना टायर 'एकदम कडक माल हाये भाऊ' म्हणून विकतात, तेव्हा आधी हे चार आकडे वाचा. कडक तो असतोच, तीच तर अडचण आहे. स्टेपनीचेही वाचा.

बाधित पट्ट्याबद्दल फार शब्द खर्च करत नाही. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस उलटून पेटली, 25 माणसं गेली. त्याच महिन्यात तिथं महामृत्युंजय यंत्राचा विधी झाला, आता इथं अपघात होणार नाहीत असं सांगितलं गेलं, आणि पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. आठवण द्यायची ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या बसच्या ड्रायव्हरनंही पहिल्यांदा 'टायर फुटला' असंच सांगितलं होतं. अमरावती आरटीओच्या पाहणीत टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. रात्री दीडच्या सुमाराला सरळसोट रस्त्यावर ड्रायव्हरला डुलकी लागली असावी याकडेच संशय गेला. टायर फुटला म्हटलं की मालकाला विचारावं लागत नाही, ड्रायव्हर किती तास जागा होता हे विचारावं लागत नाही, माल किती होता हेही नाही. या मेसेजचा खरा उपयोग कुणाला होतो, तर अशा लोकांना.

राहिला ब्रेकचा मुद्दा. टायर फुटल्याबरोबर जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, फुटलेल्या बाजूला गाडी वळते आणि भरलेली पिकअप असेल तर आडवी होते. करायचं ते असं : स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवायची, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढायचा, वेग आपोआप पडू द्यायचा, आणि गाडी ताब्यात आल्यावरच ब्रेकवर हलका पाय ठेवून डाव्या कडेला घ्यायची. इंडिकेटर चालू करायचे, त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवायचा. आणि रात्र असेल तर तिथंच गाडीखाली डोकं घालून जॅक लावत बसायचं नाही. सगळ्यांना उतरवून लोखंडी कठड्याच्या पलीकडे न्यायचं, 112 ला फोन करायचा आणि मदत येईस्तोवर गाडीजवळ फिरकायचं नाही, आतला संत्रा किती का महाग असेना.